भिंतीवरचं कालनिर्णय: पुढची बाजू आणि मागची बाजू

देव्हारा सासूबाईंचा, कालनिर्णय मात्र आम्हा दोघींचं. मी निवृत्त रसायनशास्त्रज्ञ. उभा जन्म पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरपुढे, म्हणजे वर्णपट मोजणाऱ्या यंत्रापुढे गेला. देव मानत नाही, पण भिंतीवर हे लागतंच. "तू विज्ञानवाली, आणि हे कसलं पंचांग लावतेस?" असं विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी हा सविस्तर अभिप्राय.

आधी वापराबद्दल. तारखेचा चौकोन पुरेसा मोठा आहे. दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपायचा दिवस, सगळं त्यात मावतं. कागद बॉलपेन घेतो, फोडणीचे शिंतोडेही पचवतो. तिथीची अक्षरं मात्र साठी उलटलेल्या माणसाने चष्मा लावून, वर मान करून वाचायची. याचा एक गुण कापला.

आता पुढच्या बाजूचं गणित. हा निव्वळ खगोलशास्त्राचा कागद आहे आणि तो अव्वल आहे. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे गेला की एक तिथी संपते. चंद्राचा वेग सारखा नसतो, म्हणून एखादी तिथी 20 तासांत उरकते, तर एखादी 26 तासांच्याही पुढे जाते. क्षय तिथी (पंचांगात गळलेली) आणि वृद्धी तिथी (दोन दिवस आलेली) यांचं सगळं गूढ एवढंच. संकष्टीला सासूबाई दुपारपासून विचारतात, "अगं, चंद्रोदय कितीला?" मी म्हणते, "आई, वाचते, पण नागपूरला वन्संना ही वेळ कळवू नका." नागपूर पुण्याच्या पूर्वेला पाच अंशांवर. तिथे चंद्र वीसेक मिनिटं आधी उगवतो. वन्सं आमच्या वेळेची वाट बघत बसल्या तर तेवढा वेळ उगाच उपाशी.

2024 च्या दिवाळीत लोक कॅलेंडरवाल्यांवर चिडले होते. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला, उत्तरेत बहुतेक ठिकाणी 31 ऑक्टोबरला. व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच 'पंचांगं चुकली'. अहो, काही चुकलं नव्हतं. अमावास्या 31 च्या दुपारी लागून 1 तारखेच्या संध्याकाळी संपली. यावर कुणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं ते दोन संध्याकाळींपैकी कोणती धरायची याचं, आणि ते धर्मशास्त्राचं. तिथे दुर्बीण लावून उपयोग नाही.

राजकारणही याच चौकोनांत आहे. शिवजयंतीच घ्या. सरकारी 19 फेब्रुवारीला, तिथीवाल्यांची फाल्गुन वद्य तृतीयेला. दोन मिरवणुका, दोनदा डीजे. गंमत अशी की 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. आजच्या ग्रेगोरियन मोजणीने तो दिवस 1 मार्च येतो. हे मी एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. तेव्हापासून मला तिसऱ्या गटाची समजतात.

यावरून खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा आठवतात. तारे किती तापलेले आहेत हे त्यांच्या वर्णपटावरून ओळखता येतं ते साहांच्या समीकरणामुळे, त्यामुळे ते आमच्या कुळातले. 1952 मध्ये ते कोलकात्यातून उभे राहून लोकसभेत गेले आणि त्याच वर्षी नेमलेल्या कॅलेंडर सुधारणा समितीचे अध्यक्षही झाले. देशात तीसेक कॅलेंडरं चालू होती, ती एका सुतात आणायची होती. 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लागू झाली. ते पाहायला साहा नव्हते, वर्षभर आधीच गेले होते. आज ती तारीख राजपत्रात छापतात आणि आकाशवाणीवर सांगतात. घरात कोणाला विचारा, माहीत नसते. सरकारने ठरवलं म्हणून लोक सण हलवत नाहीत, हे माझं मत. तरीही प्रयोगशाळेत बसून पुढाऱ्यांना नावं ठेवणाऱ्या आम्हा सगळ्यांपेक्षा निवडणूक लढवणारे साहा मला थोर वाटतात.

मला या कागदाचं खरं कौतुक वाटतं ते एकाच पानावर एकादशी, ईद आणि गुड फ्रायडे शेजारी नांदतात म्हणून. ईदची तारीख तेवढी पेन्सिलीने लिहिल्यासारखी समजायची. अमावास्येचा क्षण मिनिटापर्यंत काढता येतो, पण कोर दिसणं ढगांवर आणि क्षितिजावर. वरच्या मजल्यावरच्या भाभी शीरखुर्म्याचं दूध आदल्या रात्री सांगतात ते यामुळे.

आता मागची बाजू. पाककृती बऱ्या, लेख वाचनीय. राशिभविष्याला माझ्याकडून शून्य. जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांनी सहकाऱ्यांबरोबर 2008 मध्ये याची रीतसर चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र मिसळल्या आणि कोणती कोणाची ते ज्योतिष्यांना विचारलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर 50 आले असते.

क्रिकेटमध्ये तर हे उघड्यावर पडतं. 19 नोव्हेंबर 2023, अहमदाबाद, वर्ल्ड कपची फायनल. आमच्या मजल्यावरचे काका सकाळपासून रोहितचं ग्रहबळ सांगत होते. ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडची पत्रिका मांडायला ते विसरले. त्याने 137 केले. मी त्या चौकोनात आधीच 'दूध 2 लि. जास्त' लिहून ठेवलं होतं, पाहुणे येणार म्हणून. त्या दुधाची काकांना नंतर आटीव बासुंदी करून दिली.

पाचपैकी चार. दिवाळीच्या सुमारास घेऊन ठेवा. आणि खिळा जरा खाली ठोका, तिथी वाचता येईल.