नमुना २० : पेठेचा कल वाचण्याचे मोफत साधन

निवडणूक संपली की पुण्याच्या पेठांमध्ये कोणत्या गल्लीने कोणाला हात दिला आणि कोणत्या वाड्याने पाठ फिरवली, याची चर्चा कट्ट्यांवर महिनाभर पुरते. या चर्चेला आकड्यांचा आधार देणारा कागद मात्र फारच थोडे लोक उघडून पाहतात. निवडणूक संचालन नियम, १९६१ नुसार मतमोजणीनंतर निवडणूक निर्णय अधिकारी जे अंतिम निकालपत्रक तयार करतो, ते म्हणजे नमुना २०. प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली, नोटाला किती गेली आणि प्रदत्त मते (आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेल्याचे आढळल्यावर खऱ्या मतदाराने वेगळ्या मतपत्रिकेवर दिलेली मते) किती होती, हे त्यात केंद्रागणिक एकेका ओळीत मांडलेले असते. किंमत शून्य, नोंदणी नाही. कसबा पेठ मतदारसंघाच्या २०२३ च्या पोटनिवडणुकीचे आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून मी हे साधन वापरून पाहिले.

निवड कसब्याची केली, कारण या मतदारसंघाविषयी प्रत्येकाकडे एक तयार सिद्धान्त असतो. १९९५ पासून २०१४ पर्यंत गिरीश बापट येथून सलग पाच वेळा निवडून आले आणि २०१९ मध्ये मुक्ता टिळक विजयी झाल्या. त्यांच्या निधनानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी भाजपचे हेमंत रासने यांना १०,९१५ मतांनी हरवले, तेव्हा टिळक कुटुंबाला उमेदवारी नाकारल्यामुळे ब्राह्मण मतदार फिरला, हे स्पष्टीकरण सर्वतोमुखी झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये रासने १९,४२३ मतांनी निवडून आल्यावर तोच मतदार परत फिरला, असे सांगितले गेले.

आकडे इतके सरळ बोलत नाहीत. धंगेकरांना २०२३ मध्ये ७३,३०९ आणि २०२४ मध्ये ७०,६२३ मते मिळाली, म्हणजे त्यांची घट अवघी २,६८६ मतांची आहे. उलट रासने ६२,३९४ वरून ९०,०४६ वर गेले, म्हणजे त्यांच्या मतांत २७,६५२ ची भर पडली. दुसऱ्या खेपेला मनसेचा उमेदवार आणि काँग्रेसमधून बंडखोरी केलेल्या उमेदवार असे दोघेही रिंगणात होते, हे लक्षात घेतले तर धंगेकरांची मते टिकून राहिली, असेच म्हणावे लागते. पोटनिवडणुकीत जेमतेम निम्म्या मतदारांनी मतदान केले होते. त्यामुळे मतदार इकडून तिकडे गेला यापेक्षा आधी घरी बसलेला मतदार पुढच्या वेळी बाहेर पडला, हा अर्थ मला अधिक पटतो. नाराजीच्या सिद्धान्तावर विसंबून २०२३ मध्ये उभ्या राहिलेल्या हिंदू महासंघाच्या उमेदवाराला तर तीनशे मतेही मिळाली नाहीत. धंगेकरांनी २००९ आणि २०१४ मध्ये याच मतदारसंघात मनसेकडून लढत दिली होती. २०२४ च्या लोकसभेला उमेदवार असताना मात्र, येथील आमदार असूनही, ते कसब्यात पिछाडीवर राहिले. एकच पेठ महापालिकेला, विधानसभेला आणि लोकसभेला निरनिराळा विचार करते, ही गोष्ट ‘बालेकिल्ला’ या शब्दात बसत नाही.

आता साधनाच्या उणिवा. नमुन्यात केंद्राचा फक्त क्रमांक असतो, वस्तीचे नाव नसते. त्यामुळे मतदान केंद्रांची यादी आणि मतदार यादीच्या त्या भागाचे मुखपृष्ठ जवळ ठेवल्याशिवाय ती ओळ नारायण पेठेची आहे की गंज पेठेची, हे कळत नाही. दोन निवडणुकांच्या दरम्यान केंद्रांची पुनर्रचना झाली, तर त्याच क्रमांकाखाली वेगळ्याच इमारतींचे मतदार येतात आणि तुलना फसते. टपाली मते शेवटी एकत्र दाखवली जातात, ती कोणत्या पेठेची होती हे समजत नाही. केंद्रावर एकूण मतदार किती होते, हेही केंद्राच्या ओळीत नसल्यामुळे मतदानाचा टक्का आपणच काढावा लागतो. त्यात हे कागद अनेकदा छायाप्रतीच्या रूपात असतात, म्हणून आकडे हातानेच उतरवून घेण्याची तयारी ठेवावी.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र वाचणाऱ्याच्या घाईची आहे. केंद्राचा कल दिसतो, व्यक्तीचा किंवा जातीचा नव्हे. एखाद्या केंद्रावर अमुक समाजाची वस्ती अधिक आहे आणि तेथे तमुक उमेदवाराला आघाडी आहे, एवढ्यावरून त्या समाजाने त्यालाच मत दिले, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी मतदारांना प्रत्यक्ष विचारणारी सर्वेक्षणेच लागतात.

अभ्यासकाला जे वरदान वाटते, ते केंद्रावरच्या हजार-बाराशे मतदारांना अडचणीचे ठरू शकते, कारण निकालानंतर कोणती वस्ती आपल्यामागे उभी राहिली नाही, हे निवडून आलेल्यालाही याच कागदावरून कळते. मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळण्याची सोय नियमांत होती. यंत्रांसाठी तशीच सोय करणारा टोटलायझर वापरावा, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला आणि २०१५ मध्ये विधी आयोगानेही आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली; केंद्र सरकारने ती मान्य केली नाही. उद्या ती सोय आली, तर नमुना २० चे हे केंद्रनिहाय रूप राहणार नाही. माझ्यासारख्याची त्यात गैरसोय होईल, तरीही माझे मत टोटलायझरच्या बाजूनेच आहे.