चिमणीला पैकीच्या पैकी, सिंकला भोपळा

दिवाळीआधी नेरूळच्या घरी किचन डीप क्लीनिंगवाल्यांना बोलावलं. चिमणीची जाळी त्यांनी अशी लख्ख काढली, की मला तिचा मूळ रंगच पहिल्यांदा कळला. सिंकचं मात्र वाटोळं केलं. मी चहा ठेवायला वळले, तेवढ्यात त्यांच्यातल्या पोरानं बाथरूमचं अ‍ॅसिड ओतून तारेच्या घासणीनं गोल गोल घासायला सुरुवात केली. सिंकच्या जाळीभोवती करडा डाग पडला आणि दोन दिवसांनी तपकिरी ठिपके! तारेचे कण रुतून गंजले होते. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा न दिसणारा पापुद्रा असतो, तोच गंज अडवतो. बाथरूमचं अ‍ॅसिड नेमकं त्यालाच खातं.

शेवटी मीच पदर खोचला. खायचा सोडा जरासा ओला करून मऊ स्पंजनं, स्टीलच्या रेषांच्या दिशेनंच घासला. नळाखालच्या पांढरट डागांवर लिंबाची फोड, १० मिनिटांनी भरपूर पाणी, मग कोरडं फडकं. ठिपके गेले, करडा डाग तसाच. चिमणीसाठी त्यांना परत बोलावेन, सिंकपाशी मात्र स्वतः उभी राहीन. डागावर सासूबाईंचा उपाय चालू आहे: "त्यावर पातेलं ठेव."