हॉस्पिटल मॅनेजमेंटचा 'डिप्लोमा' आणि माझे 1,04,060 रुपये

कोर्स केला की नोकरी नक्की, असं सांगून फी उकळणाऱ्या संस्थांची '100 टक्के प्लेसमेंट'वाली जमात तुम्हाला माहीत आहे, म्हणून पहिल्या फोनपासूनचं पुराण लावत नाही. हिशेब घ्या: नोंदणी 2,360, कोर्स 76,700, 'रिफंडेबल' प्लेसमेंट डिपॉझिट 25,000. यातल्या डिपॉझिटचं सासऱ्यांना अजून ठाऊक नाही.

मी अडाणी नाही हो. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे आरोग्य विम्याचे क्लेम हाताळतात तिथे, वर्षं काढलीत, क्लेमच्या कागदावर एक सही राहिली तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. आणि पावती माझी स्वतःची होती तेव्हा? फी 65,000, त्याखाली 18 टक्के जीएसटी 11,700. कायद्याने मान्य असलेल्या अभ्यासक्रमाच्या फीवर जीएसटी लागत नाही. म्हणजे सरकारदरबारी ते स्वतःला साधी प्रशिक्षण सेवा म्हणवत होते आणि मला 'यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) समकक्ष पीजी डिप्लोमा' ऐकवत होते. ती ओळ मी वाचली होती. जीएसटी लावताहेत म्हणजे व्यवहार चोख आहे, असं वाटून उलट बरंच वाटलं! आठवलं की अजून अंगाची लाही होते. पण जीएसटीची ही सूट किती जणांना माहीत असते, सांगा.

ब्रोशरवर आयएसओ 9001 (कामकाजाच्या दर्जाचं प्रमाणपत्र) आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) झळकत होती. दोन्हींचा अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी काडीचा संबंध नाही. उद्यम नोंदणी तर ऑनलाइन फुकट होते. पदवी सांगत असतील तर विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत स्वतः बघा, त्यांनी पाठवलेल्या पीडीएफमध्ये नको.

प्लेसमेंट काय, तर 'हेल्थकेअर एक्झिक्युटिव्ह': फोनवरून डिस्काउंट कार्डं विकायची, पगार नाही, नुसतं कमिशन. नाही म्हटलं, तर 'ऑफर नाकारली' म्हणून डिपॉझिट जप्त. ही अट फॉर्मच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरात. नोकरीसाठी डिपॉझिट मागितलं की तिथूनच उठा. एका हॉस्पिटलच्या एचआरने माझं सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "विद्यापीठ कुठलं?" ऑपरेशन्सच्या नोकरीला त्यांना एमएचए (हॉस्पिटल प्रशासनाची पदव्युत्तर पदवी) किंवा एमबीए हवं होतं.

पुढची वरात सरकारी. पोलीस म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत, सर्टिफिकेटही मिळालंय, हा दिवाणी मामला." सायबरवाल्यांचा प्रश्न, ओटीपी दिला होता का? नाही? मग आमच्याकडे नाही. शिक्षण खात्यातल्या साहेबांनी तर कहर केला: "ती मान्यताप्राप्त संस्थाच नाही, त्यामुळे आमच्या अखत्यारीत येत नाही." अहो, तीच तर माझी तक्रार आहे! हेल्पलाइनने तक्रार त्याच संस्थेकडे पाठवली, संस्थेने 'सेवा दिली आहे' असं कळवलं आणि तक्रार निकाली. मला एक फोनसुद्धा नाही. आणि हेच लोक जाहिरातींतून आपल्याला 'जागरूक राहा' म्हणून सांगणार.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग गाठला. आपण सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, मुदत दोन वर्षं. त्यामुळे 'सेटल करू मॅडम' म्हणत झुलवायला लागले की तारखेवर लक्ष ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप चॅट आजच एक्सपोर्ट करून ठेवा. मला कोर्स गळ्यात मारणाऱ्या संस्थेच्या काउन्सेलरने आश्वासनांचे मेसेज नंतर डिलीट केले.

आयोगाची नोटीस निघाली आणि 'लेफ्ट', म्हणजे पत्ता सोडून गेले, असा शेरा घेऊन परत आली. आता त्यांचा नवा पत्ताही मीच शोधून द्यायचा आहे. अशाच 'प्लेसमेंट डिपॉझिट'ची पावती कुणाकडे असेल तर कळवा, आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते.