भाड्याची ग्रॅव्हल सायकल: सायकल फर्स्टक्लास, दुकानदार यथातथाच

धुळ्यात ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यांवर चालणारी, जाड टायरची) भाड्याने मिळते हे ऐकूनच मी गार, म्हटलं घेऊनच टाकू दोन दिवस. दुकानाचं नाव नाही सांगत, कारण पुढे कळेलच.

पहिल्या दिवशी सोनगीर, तिथला किल्ला चढून पितळी भांड्यांची दुकानं बघितली. दुसऱ्या दिवशी हायवे सोडून पांझरेच्या काठाकाठाने मुडावद, जिथे पांझरा तापीला मिळते, आणि मग तापी ओलांडून थाळनेर. खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी हीच बरं का, बुऱ्हाणपूर नंतरचं, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतलेला किल्ला आता नदीकाठी ढासळत उभाय, पण फारुकींच्या कबरी बघण्यासारख्या आहेत. द्राक्षमळे हवे तर नाशिकला जा, इथे कापूस आणि केळी, पण गाडीवाटा अशा की ४० एमएमच्या टायरला मज्जाच मज्जा. एक आजोबा अहिराणीत विचारतात, "कथा चालना भाऊ?" म्हणजे कुठे चाललास. थाळनेर म्हटलं तर हसायलाच लागले.

आता तक्रार. टायर ट्यूबलेस आहेत असं सांगून ट्यूबवाले दिले, पंप नाही, पॅच नाही, आणि आपल्याकडे बाभळीचे काटे, दोनदा पंक्चर! दुसऱ्यांदा गावातल्या पोराने सायकल ढकलून दुकानापर्यंत आणली, पैसे पण घेईना. फोन केला तर मालक म्हणे, "भाऊ, जपून चालवायची ना."

सायकलला साडेचार, मालकाला दीड. काळ्या मातीत पाऊस पडला तर मात्र अजिबात जाऊ नका, चाकं फिरतच नाहीत.