हिमशिखर मोहिमेचं भाड्याचं किट: कोल्हापुरातून काय न्यावं, मनालीत काय घ्यावं

विद्यापीठाची टीम मनालीजवळच्या फ्रेंडशिपसारख्या ५,२८९ मीटरच्या शिखरावर न्यायची म्हटलं की परवानगीच्या कागदांआधी साहित्याचा प्रश्न उभा राहतो. हिमबूट, क्रॅम्पॉन (बर्फावर पकडीसाठी बुटाखाली बांधायचे पोलादी दाते), स्लीपिंग बॅग हे सगळं विकत घ्यायला विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही, आणि पुढच्या वर्षी ते वापरलं जाईल याची खात्रीही नसते. म्हणून हा रिव्ह्यू कोल्हापुरात भाड्याने मिळणाऱ्या किटचा. दुकानाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण यातलं बहुतेक सगळं भाड्याच्या कुठल्याही किटला लागू पडतं. गुण द्यायचेच तर पाचपैकी तीन. बुटांमुळे एक मिळाला, दोरामुळे एक गेला.

एका माणसाच्या किटमध्ये हिमबूट, क्रॅम्पॉन, गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण), आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड), हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), हेल्मेट, दोन स्क्रू कॅराबिनर (फिरकीने बंद होणाऱ्या कड्या), जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड), स्लीपिंग बॅग आणि मॅट एवढं येतं. दोर, तंबू आणि स्टोव्ह टीमच्या नावावर वेगळे.

सगळ्यात जास्त वेळ बुटांवर घालवावा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चार महिने बंद गोदामात पडून राहिलेल्या बुटांचा तळवा बाहेरून कोरा करकरीत दिसतो, पण आतला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेने हळूहळू विरघळल्यासारखा होत जातो. असे बूट झिजत नाहीत, एका दिवशी अचानक तळवा उघडा पडतो. वापर कमी झालाय म्हणजे बूट चांगले, असं इथे अजिबात नाही. बूट हातात घेऊन तळव्याच्या कडेच्या मऊ थरात अंगठ्याचं नख दाबून बघा. खूण तशीच राहिली, भुगा निघाला किंवा बोटाला चिकट लागलं, तर जोडी तिथेच परत ठेवा. या दुकानातल्या बऱ्याच जोड्या या तपासणीत पास होतात, कारण बूट खोक्यात न कोंबता उघड्या रॅकवर ठेवलेले आहेत. जुने प्लास्टिकचे डबल बूटही आहेत. त्यांच्या कवचाला घोट्याच्या वळणावर केसासारखी बारीक चीर दिसते का ते उजेडात धरून पाहावं. वय झालेलं प्लास्टिक थंडीत तडकतं.

माप घ्यायला संध्याकाळी जावं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड लोकरी मोजे घालून, नाडी घट्ट बांधून उतारावर उभं राहिल्यासारखं पुढे झुकायचं. अंगठा पुढे टेकला की जोडी बाद. उतरताना नखं काळी पडतात ती याच कारणाने, आणि घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही म्हणून हिमदंशाचा धोकाही वाढतो. मुलींच्या मापाचे, म्हणजे ३६-३७ नंबरचे बूट मोजकेच आहेत. टीममध्ये मुली असतील तर त्यांचे बूट आधी अडवून ठेवा. मोठ्या नंबरात दोन मोजे घालून भागवायचा सल्ला काउंटरवर मिळतो, तो ऐकू नये. टाच आत वरखाली होते, फोड येतात आणि क्रॅम्पॉनच्या पुढच्या टोकांवर उभं राहताना पायावर भरवसा राहत नाही.

क्रॅम्पॉन बुटासकटच निवडायचे, वेगळे नाहीत. मागे लिव्हर असलेल्या प्रकाराला बुटाच्या टाचेवर खाच लागते. दोन्हीकडे बास्केट (बूट धरणारं प्लास्टिकचं लवचिक वेटोळं) आणि पट्टा असलेला प्रकार खाच नसलेल्या पण कडक तळव्याच्या बुटालाही चालतो. वाकणाऱ्या ट्रेकिंग शूजवर यातलं काहीच चालत नाही, मधली पट्टी सैल होते नाहीतर तुटते. लिव्हरवाला क्रॅम्पॉन बसवून पट्टा न बांधता बूट उचलून हलवा. तो जागचा हलता कामा नये. पुढची टोकं बुटाच्या नाकापुढे साधारण दोन सेंटिमीटर हवीत. तळाला रबराची किंवा प्लास्टिकची प्लेट आहे का तेही बघा. ती नसेल तर दुपारच्या मऊ बर्फाचे गोळे टोकांमध्ये अडकतात आणि पायाखाली बर्फाचाच तळवा तयार होतो.

काही क्रॅम्पॉनच्या टोकांवर निळसर झाक दिसली. याचा अर्थ धार ग्राइंडरवर लावली आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत पाच मिनिटांत काम होतं हे खरं, पण घर्षणाच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि टोक मऊ पडतं. धार हाताने, कानशीने, कडेच्या बाजूने लावतात. निळी टोकं दिसली की दुसरा जोड मागावा. दुकानदार कुरकुरत नाही, लगेच बदलून देतो. सरावासाठी पन्हाळ्याच्या पायऱ्यांवर क्रॅम्पॉन घालण्याची हौस कुणी करू नये. काळ्या कातळावर धार एका दिवसात जाते आणि डिपॉझिटही कापलं जातं. बूट मात्र जोतिबाच्या चढावर पाठीवर वजन घेऊन जरूर रुळवावेत.

स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरात जो उणे आकडा लिहिलेला असतो, तो अनेकदा ‘एक्स्ट्रीम’चा असतो, म्हणजे माणूस जेमतेम जगेल असं तापमान. झोप लागायची तर आतल्या लेबलवरचा ‘कम्फर्ट’ आकडा पाहायचा. डाउनची बॅग उजेडासमोर धरली की रिकामे कप्पे आणि गोळे झालेली पिसं लगेच दिसतात. कुबट वास येत असेल तर तीही पावसाळ्याचीच देणगी.

आता दोर. दुकानाने टीमसाठी दिलेला दोर स्टॅटिक, म्हणजे जवळजवळ न ताणणारा होता, आणि पावतीवर नुसतं ‘रोप’ लिहिलेलं. फिक्स रोप (वाटेवर बांधून ठेवायचा दोर) लावायला स्टॅटिक ठीक, पण लीड करणाऱ्याच्या, म्हणजे सगळ्यांत पुढे चढणाऱ्याच्या मागे तो बांधणं धोक्याचं, कारण तो फारसा ताणला जात नाही आणि पडण्याचा जवळजवळ सगळा झटका माणसावर आणि अँकरवर (दोर जिथे बांधला त्या आधारावर) येतो. दोराच्या टोकावरच्या पट्टीवर ईएन ८९२ (ईएन म्हणजे युरोपीय मानक) असेल तर तो डायनॅमिक, म्हणजे ताणून झटका शोषणारा. दोर पूर्ण उलगडून बोटांमधून सरकवत तपासा. मध्येच पोकळ, चपटा किंवा जास्त मऊ लागला तर आतला गाभा दुखावलेला आहे. हेल्मेटवर ईएन १२४९२ आणि हार्नेसवर ईएन १२२७७ शोधा. हार्नेसच्या लेबलवरची उत्पादनाची तारीख पुसली गेली असेल तर तो घेऊच नये.

स्टोव्ह इथून घ्यायची गरज नाही. गॅसचे कॅनिस्टर रेल्वेत चालत नाहीत, विमानातही नाहीत. दुकानात मिळणारा साधा ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो. वरच्या कॅम्पवर आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण लागतं. ऑक्सिजनचा स्प्रे कॅनही काउंटरवर ठेवलेला असतो. तो काही मिनिटांत संपतो. त्या पैशात पल्स ऑक्सिमीटरच्या जादा बॅटऱ्या घ्या.

भाड्याच्या हिशेबात खरी मेख आहे. दिवस मोजले जातात ते दुकानातून उचलल्यापासून परत आणेपर्यंत. दिल्लीच्या निजामुद्दीनपर्यंतची गाडी आणि पुढे मनालीची रात्रीची बस धरली तर जाता-येता मिळून पाच दिवसांचं भाडं नुसतं प्रवासाचं पडतं. म्हणून वाटणी सोपी: बूट, क्रॅम्पॉन, हार्नेस आणि हेल्मेट कोल्हापुरातून, कारण ते अंगाला बसवून बघायला आणि बदलून घ्यायला वेळ मिळतो. तंबू, दोर, स्टोव्ह, स्लीपिंग बॅग मनालीत, तिथे भाडं त्या दिवसापासूनच सुरू होतं. मात्र ते आधी फोनवर पक्कं करा; मे-जूनमध्ये तिथेही मारामारी असते.

उचलताना प्रत्येक वस्तूचे फोटो पावतीसकट काढा, विशेषतः बुटांचा तळवा आणि क्रॅम्पॉनची टोकं. परत देताना लायनर (बुटाचं आतलं अस्तर) आणि पट्टे पूर्ण वाळवलेले हवेत. ओलं किट परत केलं तर डिपॉझिटमधून धुलाईचा आकार कापतात, आणि इथे त्यांची बाजू बरोबर आहे.