साडेचार हजारांचं ‘ओरिजनल’ संगीत

जून लागला की मालवणात आमचा बोटिंगचा धंदा बंद. होड्या वर ओढलेल्या, गिऱ्हाईक नाही. त्या रिकामपणात मी गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर शिकलो आणि रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरण्याचा, एक छोटा गेम केला. स्क्रीनवर बोट घासत दोर ओढायचा, जाळं फाटू द्यायचं नाही, एवढाच खेळ. चालत होता, पण अगदी मुका.

संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. ऑनलाइन एक जण भेटला. एक पार्श्वसंगीत, दहा साउंड इफेक्ट, ४५०० रुपये, ‘सगळं ओरिजनल, फुल राइट्स तुमचे’. नमुना ऐकवला तो पेटी-मृदंगाचा, थेट दशावताराच्या रंगमंचावरून उचलल्यासारखा. मी तिथेच विरघळलो. २००० आगाऊ दिले. चार दिवसांनी झिप आली, आणि ती नीट न उघडताच उरलेले २५०० त्याच रात्री पाठवले. माझ्या गाढवपणाला इथपासून सुरुवात.

पहिली शंका काकाने काढली. गेम भर पावसातला, आणि मागे सीगल पक्ष्यांचा कलकलाट. काका म्हणाला, “हे पक्षी पावसात खंयसून इले रे?” खरंच, हे पाहुणे आपल्याकडे थंडीत येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मी हसण्यावारी नेलं.

दुसरी खूण माझ्या कानालाच लागली. संगीत संपून पुन्हा सुरू होताना ठेका बारीकसा अडखळायचा. गोडोत लूपची, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजण्याची, खूण केलेली होती, तरी अडखळायचाच. विचारलं तर म्हणे, तुमचा मोबाईल स्वस्तातला आहे. मी गप्प!

गेम इच.आयओ या गेमच्या साइटवर टाकला आणि खेळताना केलेला व्हिडिओ यूट्यूबवर. दुसऱ्याच दिवशी व्हिडिओवर कॉपीराइटचा क्लेम. ते संगीत दुसऱ्याच कुणाच्या अल्बममधला तुकडा होता.

मग मी फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. हे काम पैसे देण्याआधी करायचं होतं. फाइलचं नाव डब्ल्यूएव्ही, म्हणजे दाबून लहान न केलेला आवाज. पण ट्रॅकच्या मेन्यूतून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या उंच-खालच्या सुरांचं चित्र, लावला तर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सगळा अंधार, जणू कुणी पट्टी ठेवून कापलंय. कमी बिटरेटच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या, एमपीथ्रीची ही ओळख. एमपीथ्री करताना फाइलच्या टोकांना किंचित शांतता चिकटते, नंतर डब्ल्यूएव्ही केली तरी ती तशीच राहू शकते. ठेका का अडखळत होता ते तेव्हा कळलं. कुठूनतरी एमपीथ्री उतरवून घेतली, नुसता वेश बदलला, आणि मला विकली.

लाटांचा आवाज तर फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवर फुकट सापडला, सेकंदासह जुळणारा. तिथे प्रत्येक फाइलखाली परवाना लिहिलेला असतो: सीसी झिरो असेल तर बिनधास्त वापरा, नाहीतर मूळ माणसाचं नाव द्या, काहींवर व्यावसायिक वापराला मनाई. माझ्या लाटा नेमक्या त्या मनाईतल्या.

‘फुल राइट्स’चं म्हणाल तर भारतीय कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे हक्क हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचं लागतं. माझ्याकडे होता व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक अंगठा. आणि जे त्याचं नव्हतंच, ते त्याने सही करून तरी कसं दिलं असतं? निदान संगीताची प्रोजेक्ट फाइल मागायला हवी होती, वेगवेगळ्या वाद्यांच्या ट्रॅकसकट. ज्याने स्वतः बसवलंय त्याच्याकडे ती बहुधा असते.

भांडलो तर एकदम गोड झाला. “रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.” मी स्कॅन केलाही. स्क्रीनवर २००० रुपये, आणि ते माझ्या खात्यातून जाणार होते. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. बोट तिथेच थांबलं, नाहीतर आकडा साडेसहा हजारांवर गेला असता. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत.

व्हिडिओ काढून टाकलाय. गेममध्ये सध्या फक्त आमच्या पडवीच्या पत्र्यावरचा पाऊस आहे, फोनवर रेकॉर्ड केलेला, मध्येच काकाच्या खोकल्यासकट. जुनी आवृत्ती कुणाकडे उतरवलेली असेल तर कृपा करून काढून टाका. त्यातलं संगीत माझं नाही, आणि शेवटच्या पाटीवर ज्याचं नाव मी मोठ्या अक्षरांत आभार मानून घातलंय, त्याचंही नाही.