उघड्या मानेचा कोंबडा आणि गावरान कोंबड्या: नाशिकच्या उन्हाळ्या-हिवाळ्यातला अनुभव

परसात वीस-पंचवीस पक्षी असतील, मांस आणि अंडी दोन्ही हवी असतील, तर उघड्या मानेचा म्हणजे नेकेड नेक कोंबडा कळपात आणणं नाशिकच्या उन्हाळ्यासाठी नक्की फायद्याचं आहे. हिवाळ्यात मात्र त्याला जपावं लागतं, निफाडच्या बाजूला तर जास्तच.

बाजारात याला टर्कीची अवलाद म्हणतात, ते चूक आहे. ही कोंबडीच आहे आणि मान उघडी राहते ती एका जनुकामुळे. हा जनुक आई किंवा बाप एकाकडूनच आला, तर अंगावरची पिसं साधारण 20 ते 30 टक्के कमी होतात आणि मानेच्या पुढच्या बाजूला, गळ्याच्या पिशवीच्या वर, पिसांचा एक झुबका उरतो. दोघांकडून आला तर पिसं सुमारे 40 टक्के कमी होतात आणि झुबका जवळजवळ नसतोच. कोंबडा विकत घेताना हा झुबका बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. झुबका नसलेला कोंबडा साध्या गावरान कोंबड्यांवर सोडला की सगळी पिल्लं उघड्या मानेची निघतात, झुबकेवाला सोडला तर सरासरी निम्मी. पिल्लू अंड्यातून बाहेर येताच मान दिसते, त्यामुळे निवड पहिल्याच दिवशी होते.

आमचं ठाम मत: कळपात एकेरी जनुकाचे, म्हणजे झुबकेवाले पक्षीच वाढवावेत. पूर्ण उघड्या मानेच्या नर-मादीची जोडी लावली, तर शेवटच्या दिवसांत अंड्यातच मरणारी पिल्लं वाढतात. झुबकेवाले आपसात लावले, तर पाव हिस्सा पिल्लं पूर्ण उघडी, पाव साधी निघतात आणि वजनंही विखुरतात. म्हणून बाप उघड्या मानेच्या वंशाचा, आया साध्या मानेच्या दुसऱ्या वंशाच्या, आणि दरवर्षी कोंबडा बाहेरून बदललेला. मांसासाठी वनराजा किंवा गिरिराजा या सुधारित जातींच्या माद्या बऱ्या, अंड्यांसाठी ऱ्होड आयलंड रेड. पण ऱ्होड आयलंड रेड क्वचितच खुडूक बसते, म्हणून एक-दोन गावरान कोंबड्या खास उबवण्यासाठी ठेवा. एकीखाली 10 ते 12 अंडी पुरे. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची ‘हितकारी’ ही परसातली जात उघड्या मानेच्या याच गुणावर बेतलेली आहे.

संकर फसतो तो बहुतेक घाईमुळे. मादीच्या पोटात जुन्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. कोंबडा बदलल्यावर तीन आठवडे अंडी खायला वापरा, उबवायला ठेवू नका. आठ-दहा माद्यांना एक कोंबडा. उबवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, टोक खाली करून गार जागी ठेवावीत. अंडी उबवायचं पंख्याचं मशीन असेल तर 37.5 अंश, ओलावा 55 टक्क्यांच्या आसपास, 18व्या दिवसानंतर अंडी फिरवणं बंद आणि ओलावा 65 ते 70. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात बघून निकामी अंडी काढून टाका.

एप्रिल-मे महिन्यांत फरक डोळ्यांना दिसतो. पारा चाळिशीकडे गेला की साध्या कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कवच बनवायला लागणारं कार्बोनेट कमी पडतं आणि अंडी पातळ कवचाची येतात. उघड्या मानेची मादी मानेतून उष्णता सोडते, त्यामुळे धाप उशिरा लागते, खाणं टिकतं, कवचही बरं राहतं. पिसांना लागणारी प्रथिनं वाचतात, ती छातीच्या मांसाला मिळतात. सोलायलाही वेळ कमी लागतो.

डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं. ऊब टिकवण्यात दाणा खर्च होतो आणि वजन तेवढं वाढत नाही. थंडीतल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग आठवड्याला तीन अंश कमी, हा नेहमीचा हिशोब पाळूनही आठवडाभर जास्त ऊब द्यावी लागते. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली की थंडी, कडेला पळाली की उकाडा. खुराड्यात घोटीच्या राईस मिलचं भाताचं तूस तीन-चार इंच अंथरा. गोणपाटाचे पडदे खालून वर ओढायचे असावेत, म्हणजे थंड झोत अडतो आणि वरून अमोनिया निघून जातो.

दाणा: पहिले सहा आठवडे 20 टक्के प्रथिनांचा, अंडी देणाऱ्या मादीला 16-17 टक्के, रोज 100 ते 110 ग्रॅम, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात. नुसत्या मक्यावर ठेवलं तर चरबी चढते, अंडी घटतात.

लसीकरणात ढिलाई नको. मानमोडीसाठी (राणीखेत रोगासाठी) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, गंबोरो या रोगाची लस 14व्या दिवशी, पुन्हा लासोटा 28व्या दिवशी, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या ते दहाव्यात मानमोडीची आरटूबी. देवीची लस इथे विशेष महत्त्वाची, कारण डासांना ही उघडी कातडी सहज सापडते. कुपी बहुतेक शंभर किंवा जास्त मात्रांची येते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून शेजारच्या दोन-तीन घरांनी एकाच दिवशी लस ठरवावी. खुराड्यात गर्दी झाली की पक्षी एकमेकांना चोचीने टोचतात, तेही मानेवरच. पक्ष्यामागे किमान दोन चौरस फूट जागा द्या, जखमी पक्षी लगेच वेगळा काढा, हळद-खोबरेल तेल लावा आणि खपली धरल्यावरच परत सोडा.

विक्रीत एक अडचण आहे. आठवडे बाजारात जिवंत पक्षी नेला की उघडी लाल मान बघून गिऱ्हाईक आजारी समजतं आणि भाव पाडतं. ओळखीच्या घरी सोलून द्या, किंवा बाजारासाठी त्याच खेपेतले पिसांनी झाकलेल्या मानेचे नर वेगळे वाढवा.